मायनस ४९ चं निळं पाणी: दोन हिवाळे वापरून साडेतीन तारे

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी तारे आधीच सांगते. पाचपैकी साडेतीन. दीड का कापला ते पुढे येईलच. पण गाडीची काच धुवायच्या, मायनस ४९ अंशांपर्यंत न गोठणाऱ्या पाण्याला साडेतीन तारे कुणी का द्यावेत, हे कळायला माझा जानेवारी २०२४ ऐकावा लागेल.

मी कॅनडात, कॅल्गरीत होम केअरचं काम करते. सकाळी एका आजींची अंघोळ, तिथून दुसऱ्या आजोबांच्या गोळ्या, मग तिसरं घर, चौथं घर. दिवसाला पाच-सहा घरं होतात आणि मधलं सगळं अंतर माझ्या दुसऱ्या हातच्या करोलानं. काच दिसली नाही तर गाडी नाही, गाडी नाही तर आजी बाथरूमच्या दारात टॉवेल घेऊन बसलेल्या. त्यामुळे वॉशर, म्हणजे काचेवर पाणी मारायची पिचकारी, हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे.

डिसेंबर २०२३ इथे कुणाच्याच लक्षातून जायचा नाही, कारण तो डिसेंबरसारखा वागलाच नाही. नाताळात आमच्या अंगणात बर्फ नव्हता, पिवळं गवत होतं. कॅल्गरीला तसाही चिनूक वाऱ्याचा लाड आहे. रॉकी डोंगर ओलांडून खाली उतरता उतरता वारा कोरडा आणि गरम होतो आणि एका दिवसात पारा वीस अंशसुद्धा वर चढवतो. बाहेरून सुख वाटतं, पण काचेचे हाल तेव्हाच सगळ्यात जास्त. बर्फ वितळून रस्ताभर राडा होतो, आणि पुढचा ट्रक तो राडा आपल्यावर शिंपडत जातो. त्यात बर्फ वितळवायला महापालिकेनं टाकलेलं मीठ आणि बारीक खडी. ह्या मिश्रणाला इथे चक्क ‘पिकल’ म्हणतात. आईला फोनवर सांगितलं की इथे रस्त्यावर लोणचं टाकतात, तर ती म्हणाली, “कैरीचं का लिंबाचं?”

तर त्या गरम डिसेंबरात दर दोन मिनिटांनी वॉशरची दांडी ओढावी लागत होती आणि टाकी भराभर संपत होती. गॅरेजमध्ये उन्हाळ्यातला अर्धा कॅन पडला होता, किडे धुवायचा, हिरवट. बाहेर प्लस सात. ओतला. नंतर पेट्रोल पंपावरून मायनस ४० चा एक कॅन आणला, तो त्यावर ओतला आणि निर्धास्त झाले. कॅनवर मायनस ४० लिहिलंय ना, मग झालं.

कॅनवर लिहिलं होतं. टाकीवर नव्हतं. निम्मं उन्हाळी पाणी आणि निम्मं हिवाळी मिसळलं की गोठायचा आकडा मधेच कुठेतरी लटकतो, आणि तो कुठे ते कळायला गाडीत कुठलाही काटा नसतो.

१३ जानेवारी, शनिवार. पारा मायनस ३५ च्या आसपास. एवढ्या थंडीत रस्ता ओला नसतो, मीठसुद्धा हात टेकतं. पण त्या मिठाची कोरडी पूड उडत राहते आणि काचेवर पांढरी साय धरते. त्या दिवसांत इथे सूर्य उगवतो साडेआठनंतर, आणि तोही आग्नेयेला, जमिनीला चिकटून. पावणेनऊला मी डिअरफूट ट्रेल ह्या हायवेवर दक्षिणेकडे निघालेली. समोर ऊन, मधे साय. काच एकदम दुधाची झाली. दांडी ओढली. ‘घूंऽऽ’ असा आवाज, पाणी नाही. परत ओढली. परत घूं. पाचव्या-सहाव्यांदा घूंसुद्धा आलं नाही.

पुढच्या एक्झिटला डोकं खिडकीबाहेर काढून बाहेर पडले. खाली उतरून मूठभर बर्फ काचेवर चोळला, पण मायनस ३५ चा बर्फ म्हणजे कोरडा रवा, भुरभुरत खाली पडला. शेवटी पिशवीतलं हॅंड सॅनिटायझर काढलं. कामामुळे दोन बाटल्या कायम असतात. पेपर टॉवेलवर ओतून ड्रायव्हरपुढची हातभर काच पुसली. जेलचे फराटे उमटले, पण रस्ता दिसला. त्या दिवशीची सगळी घरं मी सॅनिटायझरवर केली.

संध्याकाळी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. आमच्या अल्बर्टा प्रांताच्या सरकारचा इमर्जन्सी अलर्ट: विजेवर ताण आलाय, गरजेपुरतीच वापरा. ब्लॉक हीटरचा प्लग काढला. (इंजिन गोठू नये म्हणून रात्री गाडीला विजेची वायर लावतात, तो हा प्लग. नव्या माणसाला गाडी चार्ज होतेय असं वाटतं.) म्हटलं, घ्या, आता पाण्याबरोबर इंजिनसुद्धा.

रात्री नानांना फोन केला. माझे वडील आटपाडी डेपोत एसटीचे चालक होते, पोटात डिझेल आणि डोक्यात उपाय. सगळं ऐकून म्हणाले, “आगं, बटाटा चोळायचा की काचंला. न्हाईतर तंबाखू. कुंभार्ली घाटात वायपर बंद पडला तर आम्ही तेच करायचो. पाणी थांबतच न्हाई काचंवर.”

“नाना, इथे पाऊस नाही. मिठाची पूड आहे. आणि बटाटा गाडीत ठेवला तर दगड होईल.”

थोडा वेळ गप्प. मग, “बरं, दगडानं काच फोडू नको म्हंजे झालं.”

सोमवारी गाडी एका गॅरेजला नेली, नाव लिहीत नाही. त्यांनी बॉनेट उघडलं, पाच मिनिटांत बंद केलं आणि वॉशर पंप गेला म्हणून तीनशेच्या वर डॉलरचा अंदाज हातात दिला. मी तो अंदाज घेऊन ईशान्य कॅल्गरीतल्या एका सरदारजींकडे गेले. त्यांनी गाडी आत घेतली, गरम जागेत दीड तास नुसती उभी ठेवली आणि मला चहा दिला. मग फ्यूज काढून दाखवला. आतली तार जळलेली. बर्फानं अडलेला पंप मी सहा वेळा ढकलायला लावला, त्यानं जास्त करंट ओढला, फ्यूजनं जीव देऊन मोटर वाचवली. नवा फ्यूज बसवला, टाकीतलं सगळं वितळलेलं पाणी बाहेर काढलं, नळ्यांमधलं दांडी ओढून ओढून संपवलं आणि मग नवा कॅन ओतला. म्हणाले, ‘बहनजी, पुराना निकाले बिना नया मत डालना।’ फ्यूजचे पैसे घेतलेच नाहीत, कामाचे वीस डॉलर घेतले. पाचपैकी पाच, पण ते परीक्षण वेगळं.

तो नवा कॅन म्हणजेच हा मायनस ४९. तेव्हापासून दोन्ही हिवाळ्यांत दुसरं काही टाकीत गेलेलं नाही. ३.७८ लिटरचा कॅन मला सहा-सात डॉलरला पडतो, मायनस ४० वाल्यापेक्षा दीड-दोन डॉलर महाग. दुकानं तीच, पण ऑक्टोबरात घ्या. थंडीची लाट आली की फळीवर फक्त किंमतीची चिठ्ठी उरते.

मायनस ४० पुरत नाही का? टाकीत पुरतं. काचेवर पुरत नाही, आणि हे मला कॅनवरच्या इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही मजकुरात कुठे सापडलं नाही. लोक म्हणतात ‘विंडचिल’मुळे गोठतं. तसं नाही. विंडचिल आपल्या कातडीसाठी. वाऱ्यानं काच हवेपेक्षा थंड होत नाही. खरं कारण आपल्या माठात आहे. माठाच्या अंगावरचं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं गार. ह्या निळ्या पाण्यात मिथेनॉल असतं. ते पाण्यापेक्षा कितीतरी लवकर उडतं, आणि शंभरच्या वेगात तर फुंकर मारल्यासारखं. ते जाताना काच गार करतं आणि मागे राहतं ते बहुतेक साधं पाणी. साधं पाणी शून्याला गोठतं, तिथे कॅनवरचा आकडा काय कामाचा? म्हणून मायनस ४० वाल्याची मायनस २० लासुद्धा काचेवर बर्फाची जाळी धरते, नेमकी वायपर फिरल्यावर, नेमकी समोर ट्रक असताना.

मायनस ४९ मध्ये मिथेनॉल जास्त, म्हणून जाळी धरायला वेळ जास्त. एवढाच फरक आहे, पण तो दोन सेकंदांचा फरक पुरतो. मायनस ३० ला हायवेवर मारलं तर क्षणभर धुकं येतं आणि वायपरच्या दुसऱ्या फेरीत जातं. अट एकच: काच आधी आतून तापलेली हवी. डिफ्रॉस्टर पूर्ण वर ठेवून दहा मिनिटं चालवल्याशिवाय मी दांडीला हात लावत नाही. गार काचेवर मायनस ४९ काय नि मायनस ९९ काय.

आता दीड तारा.

अर्धा वासाचा. काचेच्या खालच्या कडेला गाडीत हवा घ्यायची जाळी असते. पिचकारी मारली की सगळा भपकारा थेट आत. दवाखान्यातल्या स्पिरिटपेक्षा उग्र, आणि ट्रॅफिकमध्ये चार-पाच वेळा मारलं की डोकं धरतं. मी मारायच्या आधी आतली हवा आतच फिरवायचं बटण दाबते, अर्ध्या मिनिटानं काढते. सवय झाली आहे, पण सवय लागावी लागली ह्याचेच गुण कापले.

उरलेला एक कॅनचा. प्लास्टिक इतकं पातळ की थंडीत हातमोज्यांनी उचललं तर पोट आत जातं आणि तोंडातून भळकन येतं. झाकण एकदा उघडलं की परत नीट बसत नाही. डिकीत आडवा पडला आणि अख्ख्या कार्पेटनं पिऊन टाकला, आठवडाभर गाडीत बसवत नव्हतं.

हे झाकण मी इतकं मनावर घेते, त्याला कारण आहे. मिथेनॉल विष आहे. शरीरात त्याचं फॉर्मिक अॅसिड होतं आणि पहिला घाव डोळ्यांवर बसतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, त्या दारूत हेच होतं. आणि इथे ते आकाशी निळ्या रंगात, सरबतासारखं, पोरांच्या उंचीला गॅरेजमध्ये ठेवलेलं असतं. युरोपात २०१९ पासून सामान्य ग्राहकाला मिथेनॉलवालं वॉशरचं पाणी विकायला बंदी आहे, तिथे दुसरी अल्कोहोलं वापरतात. जर्मनीतल्या मावसबहिणीला भाव विचारला तर तिचं माझ्यापेक्षा बरंच महाग निघालं. तरी लहान मूल असतं तर मी तेच शोधलं असतं. दुसऱ्या बाटलीत तर कधीही ओतून ठेवू नका, पाण्याच्या बाटलीत तर नाहीच नाही.

बाकी जे करून बघितलं ते थोडक्यात. डी-आयसर स्प्रे नोझलच्या तोंडावर धरलेला बर्फ काढायला छान, पण डबा रात्रभर गाडीत राहिला तर सकाळी नुसता ‘फुस्स’ करतो, आतला दाबच मरतो. घरात ठेवायचा. फार्मसीतलं ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल: अर्धवट गोठलेल्या टाकीत अर्धा लिटर ओतून मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये दोन तास गाडी लावली तर टाकी सुटते. मैत्रिणीची अशी सोडवली. पण ते पेट घेतं, तेव्हा चालू इंजिनवर नको. गरम पाणी: एका शेजाऱ्यानं काचेवर किटली ओतली, काच इकडून तिकडे तडकली, मी खिडकीतून बघत होते. मीठ घालून पाणी: हे नानांनी सुचवलं. नाही.

गेल्या हिवाळ्यात नाना-आई दोघंही आले होते. सरदारजींच्या सल्ल्याप्रमाणे ऑक्टोबरात मी टाकी रिकामी करत होते, दांडी ओढून ओढून, सगळं उन्हाळी पाणी अंगणात. नाना बाजूला जाड जॅकेटात उभे. कॅनवरची किंमत विचारली, साठनं गुणली, आणि म्हणाले, “काच धुवायला चारशे रुपये? आमची गाडी धुवायला डेपोत एक माणूस होता.” मग स्वतःच ओतायला घेतलं. एक थेंब बाहेर सांडला नाही. झाकण बसवायला गेले, बसेना. उलट करून बघितलं, दाताखाली धरायला गेले तेव्हा मी ओरडले.

शेवटी त्यांनी कॅनच्या तोंडाला दुधाच्या पिशवीचा तुकडा लावला, वरून रबर गुंडाळला आणि मग झाकण दाबलं. मार्चपर्यंत एक थेंब गळला नाही. कंपनीनं एवढं केलं तर चार तारे देते.