चिखलदऱ्यात कुठं जेवायचं? आठ महिन्यांच्या फेऱ्यांनंतरचा अनुभव

जुलै ते फेब्रुवारी असे आठ महिने मी आठवड्यातून दोनदा चिखलदऱ्याचा घाट चढले. काम दुधाचं. संकलन केंद्रावर फॅट मोजायची मशीन असते, ती साफ करायची, जुळवून द्यायची आणि नोंदी तपासायच्या. माझं गाव परतवाड्याजवळ, त्यामुळे सकाळी निघून संध्याकाळी परत. सुरुवातीला डबा नेत होते. पण पावसाळ्यात वर इतका गारठा आणि दमटपणा असतो की दुपारी बारापर्यंत भाकरी चिवट होते आणि भाजीवर तेल थिजतं. मग तिथंच खायला लागले. मंगळवार आणि शुक्रवार धरून साठेक जेवणं झाली असतील. शिवाय घरच्यांना, मैत्रिणींना घेऊन रविवारीही चार-पाचदा गेले.

आधी निकाल सांगते. चिखलदऱ्यात फार चांगलं जेवायला मिळतं, फक्त ते आयत्या वेळी मिळत नाही. सकाळी वर पोचल्याबरोबर जेवण सांगून ठेवायचं, मग पॉइंट पाहायला जायचं आणि दीड-दोनला जेवायला यायचं. एवढं केलं की अर्धं काम झालं. मी हे ऑगस्टमधल्या एका रविवारी शिकले, आणि तो दिवस मला अजून आठवतो.

त्या दिवशी बाबा, आई, भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन पोरं असे सगळे गेलो होतो. बाबांना शुगर आहे, सकाळी गोळी घेतलेली. देवी पॉइंट, पंचबोल करून एक वाजता मुख्य रस्त्यावरच्या एका हॉटेलात शिरलो. बाहेर गाड्यांची रांग, आत टेबल नाही. अर्ध्या तासाने टेबल मिळालं, त्यानंतर ऑर्डर घ्यायला पाऊण तास कोणी आलं नाही. अडीच वाजता बाबांच्या कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले. वहिनीच्या पर्समध्ये पोरांसाठी ठेवलेली बिस्किटं होती म्हणून निभावलं. जेवण आलं तेव्हा तीन वाजून गेले होते. भात कच्चा, डाळ बोटाने दाबली तरी दाणा फुटेना, आणि पनीरच्या भाजीला आंबूस वास. बाबा काही बोलले नाहीत, नुसता भात चिवडत बसले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

हॉटेलवाल्याचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका हॉटेलाचा नाही. पावसाळ्यात शनिवार-रविवारी अमरावती, अकोला, नागपूर सगळीकडून लोक वर येतात आणि गाव एवढंसं. दुसरं कारण उंचीचं आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटरवर. तिथं पाणी १०० अंशांवर नाही, ९६-९७ च्या आसपासच उकळतं. म्हणजे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजायला खालच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. गर्दीत स्वयंपाकी तेवढा वेळ देत नाही आणि डाळ अर्धी राहते. ज्या घरात किंवा खानावळीत कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात तिथं वरण चांगलं मिळतं, ही माझी साधी खूण आहे. आठ महिन्यांत ती फारशी चुकली नाही.

त्या रविवारनंतर मी मोथ्याकडे वळले. धामणगाव गढीवरून घाट चढला की चिखलदऱ्याच्या अलीकडे मोथा लागतं. गवळी समाजाची वस्ती. माझी एका केंद्रावर ओळख होती, तिथल्या मावशींना विचारलं, जेवण मिळेल का? त्या म्हणाल्या, "आता सांगसान त दोन वाजेलोक होईन. किती माणसं हायेत? लेकरायले तिखट चालते का?" हे तीन प्रश्न मला कुठल्याच हॉटेलात कोणी विचारले नव्हते.

दोन वाजता गेले तर ओट्यावर पाट मांडलेले. ज्वारीची भाकरी चुलीवरची, मागून फुगलेली, कडेला जरा करपलेली. वांग्याचं भरीत, त्यात कांद्याची पात आणि वरून कच्चं जवसाचं तेल. हिरव्या मिरचीचा ठेचा. आणि ताक. ताकाबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण माझा धंदाच दुधाचा. आमच्या भागातली म्हैस म्हणजे नागपुरी, तिलाच जुनी माणसं एलिचपुरी म्हणतात. एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूर. लांब तलवारीसारखी शिंगं खांद्यापर्यंत मागे गेलेली. या म्हशी डोंगरात चरतात, दूध थोडं देतात, पण फॅट सात टक्क्यांच्या वर सहज लागतं. त्या दुधाचं विरजण लावून, घुसळून, लोणी काढून घेतलेलं ताक जड नसतं आणि आंबटही नसतं. मावशी त्यात नुसतं मीठ आणि भाजलेलं जिरं टाकतात. मी दोन गिलास प्यायले आणि त्या दिवशी माझं काम दुपारनंतर जरा लांबलं.

जेवणाचे १५० रुपये घेतात, पोटभर. पाच-सहा माणसं असतील तर आदल्या दिवशी कोणाकरवी निरोप द्यावा. मोठ्या गाडीतून पंधरा जण अचानक उतरले तर त्या बाईच्या घरच्यांचं जेवण तुमच्या ताटात जातं, हे ध्यानात ठेवा. असं घर एकच नाही. मोथा, शहापूर या गावांत चौकशी केली की सापडतात. पाटी नसते. किराणा दुकानात विचारायचं, "जेवण कोण करून देते?"

आता खवा आणि रबडी. चिखलदऱ्याला जाणारा प्रत्येक माणूस ती घेतोच, म्हणून इथं जरा सावकाश सांगते. म्हशीच्या चार-साडेचार लिटर दुधाचा एक किलो खवा पडतो. हा हिशोब मनाशी ठेवला आणि दुधाचा भाव विचारला की खरा खवा किती रुपयांच्या खाली देता येणारच नाही ते कळतं. त्याच्याही खाली कोणी देत असेल तर घेऊ नका. रबडी बनताना मी एका गवळ्याच्या घरी सकाळभर बसून पाहिली. रुंद लोखंडी कढई, खाली सागाच्या फाट्यांचा मंद जाळ. दूध आटत जातं तशी वर साय धरते. काका ती उलथन्याने अलगद ओढून कढईच्या कडेला चिकटवतात. परत साय, परत कडेला. तासाभरात कढईच्या सगळ्या बाजूंनी सायीची जाड झालर होते, मधे दूध पाव राहतं. मग साखर, आणि कडेची ती साय खरवडून आत सोडायची. म्हणून खऱ्या रबडीत दाताला सायीचे पदर लागतात. एकसारखी गुळगुळीत, चमच्यावरून लेपासारखी सरकणारी रबडी असेल तर मला शंका येते.

शंका आली की मी तपासते. मेडिकलमध्ये मिळतं ते टिंक्चर आयोडीन माझ्या बॅगेत कामासाठी असतंच. थोडा खवा पाण्यात उकळून पूर्ण थंड करायचा आणि एक थेंब टाकायचा. निळा रंग आला तर त्यात पीठ किंवा स्टार्च मिसळलेला आहे. गरम असताना टाकलं तर रंग नीट दिसत नाही, म्हणून थंड करणं महत्त्वाचं. ऑक्टोबर ते जानेवारीत मी सात ठिकाणचा खवा घरी आणून पाहिला. पाच ठिकाणचा साफ निघाला, दोन ठिकाणचा निळा झाला. ते दोन्ही रस्त्यावरच्या दुकानांतले होते. घरून घेतलेला एकही निळा झाला नाही. दिवाळीला आईने त्याच खव्याच्या करंज्या केल्या आणि शेजारच्या काकूंनी पत्ता मागून घेतला.

कुटकीचा भात मात्र नोव्हेंबरपर्यंत माझ्या नशिबात नव्हता. मेळघाटातले कोरकू आदिवासी लोक कोदो, कुटकी ही बारीक भरडधान्यं पिढ्यान्‌पिढ्या खात आले. एका कोरकू घरी मशीनच्या कामानंतर थांबले तेव्हा पहिल्यांदा खाल्ला. कुटकीचा दाणा मोहरीहून थोडा मोठा. टरफल काढायला उखळात कांडायचं, पाखडायचं, परत कांडायचं. मग खडे निवडायचे. एवढी मेहनत बघितल्यावर मी ताटात एक दाणा टाकला नाही. भात मोकळा, किंचित खमंग वास, सोबत अंबाडीची भाजी आणि पातळ कढी. तांदळाच्या भातासारखी झोप येत नाही. बाबांना हे खाऊ घालावं असं मला तिथंच वाटलं. आता चिखलदऱ्यात दोन-तीन ठिकाणी सांगितलं तर कुटकी करून देतात, पण सकाळी सांगितलं तरच.

बाकी ऋतूप्रमाणे. जुलै-ऑगस्टला धुक्यात निखाऱ्यावरचे भुट्टे, लिंबू-मीठ चोळून. पॉइंटवर खाताना वानरांकडे पाठ करू नका, हातातलं कणीस जातं. शिवाय त्यांना मुद्दाम खायला देऊ नका, ती सवय त्यांच्याच जिवावर उठते. पावसाच्या सुरुवातीला तरोट्याची भाजी आणि पुढे कटुले, ही हॉटेलात मिळत नाहीत, घरीच. जानेवारीपासून मोथ्याच्या रस्त्याला स्ट्रॉबेरीचे डबे मांडलेले दिसतात. डबा उलटा करून खालची फळं बघा. देठापर्यंत लाल असेल तेच घ्या, कारण स्ट्रॉबेरी तोडल्यावर गोड होत नाही, पांढरी राहिलेली आंबटच राहते. आणि परतवाड्यापर्यंत उन्हात डिकीत ठेवली तर लगदा होतो. मी मांडीवर घेऊन येते.

कॉफीचं सांगायचं राहिलं. आपल्या विदर्भात कॉफीची झाडं असलेलं हे ठिकाण, पण तिथं जाऊन सगळे चहाच मागतात. मला तिथली कॉफी आवडली. फार कडू नाही, वासाला चांगली. पुडी घेताना चिकोरी किती मिसळली आहे ते विचारा, निव्वळ मागितली तर देतात.

सावजीच्या पाट्या मात्र बघून सोडून द्या. सावजी ही नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाची रांधणी, तिचा मसाला हा वेगळाच विषय आहे. वर मला दोनदा जी मिळाली ती लाल तेलाची तर्री होती. मटण खायचं असेल तर डिसेंबरअखेर ते जानेवारी खाली बहिरमची यात्रा असते. तिथं मातीच्या हंडीतलं मटण आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे खा आणि मग दुसऱ्या दिवशी वर जा. वर शाकाहारीच खावं असं माझं ठाम मत झालं आहे.

निघताना परतवाड्यात हलका नाश्ता करा, पोहे वगैरे. आलूबोंडे रस्सा ओतून खाल्ले आणि लगेच घाट चढलात तर वळणांवर त्रास होतो, लहान मुलांना तर हमखास. रोख पैसे जवळ ठेवा, फोनवरून पैसे जात नाहीत अशा जागा बऱ्याच आहेत. बाईमाणसाने एकटीने जेवायला बसण्याच्या दृष्टीने सांगते, घरगुती जेवणाच्या ठिकाणी मला कधी अवघड वाटलं नाही आणि स्वच्छ संडास विचारला की मिळाला. मोठ्या हॉटेलांत दोन ठिकाणी कुलूप होतं, किल्ली मागावी लागली. मधल्या वारी संध्याकाळी सातनंतर गाव लवकर निजतं, तेव्हा रात्री मुक्काम असेल तर जेवण दुपारीच सांगून ठेवा. शुगरचा पेशंट सोबत असेल तर पिशवीत चिवडा, लाडू, केळी ठेवाच.

त्या ऑगस्टनंतर बाबा वर आले नव्हते. नको म्हणायचे, तुम्ही जा. मागच्या शुक्रवारी मावशींना सांगून आले आहे, येत्या रविवारी आम्ही चौघं. कुटकीचा भात, कढी, कमी तेलाचं भरीत, बाबांसाठी बिनसाखरेचं ताक, आणि ताट बरोबर एक वाजता. मावशी म्हणाल्या, "बारालेच वाढते, बुढ्या माणसाले काहून थांबवाचं?"