जिन्याखालचं छोटं बाथरूम: दहा महिने वापरल्यानंतर

आमचं साताऱ्यातलं घर जुनं, संडास परसात. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि रात्री दोन पायऱ्या उतरून ओल्या फरशीवरून तिकडे जाणं त्यांच्या जिवावर यायला लागलं. जिन्याखाली इन्व्हर्टर, तांदळाची कोठी आणि गणपतीचं मखर पडून असायचं. ती जागा मोकळी करून गेल्या दिवाळीआधी तिथे कमोड बसवला. आता एक अख्खा पावसाळा त्यावरून गेला, म्हणून लिहिते.

जागा आतून ३ फूट रुंद, ५ फूट लांब. दाराकडे उंची ७ फूट २ इंच, तिथून उतरत जाऊन टोकाला ३ फूट ८ इंच. कमोडची टाकी त्या बुटक्या टोकाला. काम सुरू करण्याआधी तिथे प्लास्टिकची खुर्ची ठेवून आईंना बसवून-उठवून पाहिलं होतं, डोकं कुठेच लागलं नाही. ह्यांची उंची ५ फूट १० इंच, त्यांना मात्र कमोडसमोर ताठ उभं राहता येत नाही.

खरा प्रश्न ढाळाचा होता. सांडपाणी जिथे जातं ते मागचं चेंबर १४ फुटांवर. फुटाला पाव इंच धरला तरी पाइप साडेतीन इंच खाली जायलाच हवा. पहिल्या गवंड्याने सरळ सांगितलं, आतली जमीन ९ इंच उचलू, वरून पाइप टाकू, दोन दिवसांत काम. पण मग दारातच पायरी आली! जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिलाच पाय उचलून आत जावं लागणार, आणि वरची उंचीही ९ इंचांनी जाणार. आम्ही नाही म्हटलं. दुसऱ्या प्लंबरने स्वयंपाकघराची फरशी फोडून, चर खणून ४ इंची पाइप नेला आणि वळणावर झाकणाचा बेंड टाकला, म्हणजे तुंबलं तर तिथून उघडता येईल. आठवडाभर धुळीत स्वयंपाक केला. फरशीचा रंग जुळला नाही, तो पट्टा आजही वेगळा दिसतो. एकूण खर्च सव्वा लाखाच्या आसपास, त्यातला मोठा भाग या खोदकामाचा. तरी पुन्हा करायची वेळ आली तर मी हेच करीन. दहा महिन्यांत एकदाही तुंबलेलं नाही, आणि आई वॉकर घेऊन थेट आत जातात.

दार बाहेर उघडणारं घेतलं, अडीच फुटी. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलताच येत नाही. कडीही बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी.

भिंतीवरची धरायची दांडी मात्र चुकली. आम्ही घरी नसताना मिस्त्रीने अंदाजाने ३ फुटांवर आडवी ठोकली. आई कमोडवर बसल्या की त्यांचा हात खांद्याच्या वर जायचा, जोर लागायचाच नाही. महिन्याभराने त्यांना बसवलं, “आई, उठताना जिथे हात टेकावासा वाटतो तिथे टेका” म्हटलं आणि त्या जागी पेन्सिलने खूण केली. ती सव्वादोन फुटांवर निघाली. आता तिथे दांडी आहे आणि त्या कुणाला हाक न मारता उठतात.

मे महिन्यात वास यायला लागला. आम्ही चेंबर उघडलं, कमोड घासला, काही केल्या जाईना. शेवटी लक्षात आलं: इथे आंघोळ कुणी करत नाही, जमीन फक्त पुसली जाते, त्यामुळे नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या वाटीतलं, पाणी उन्हाळ्यात आटलं होतं. ते पाणीच गटाराचा वास अडवून धरतं. तेव्हापासून रोज सकाळी एक तांब्या पाणी ओततो, वास बंद.

पावसाळ्यात टाकीमागच्या उतरत्या छताचा रंग फुगला आणि पापुद्रे पडले. एक्झॉस्ट पंखा दाराजवळच्या उंच भिंतीत, बोळाकडे तोंड करून आहे. बुटक्या टोकाची दमट हवा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दार खालून एक इंच कापून घेतलं, पंखा वापरानंतर अर्धा तास चालू ठेवतो, फरक पडला आहे. टाइल्स ४ फुटांवर न थांबवता तिरक्या छतालाही पीव्हीसीची शीट लावायला हवी होती. आता नवरात्राआधी खरवडून ती लावून घेणार आहोत. प्लंबरला निरोप दिला आहे.