‘याचा वेगळा नंबर आहे का?’: गाडीच्या छोट्या पार्टांसाठी काउंटर, पेठ, भंगार आणि ऑनलाइन

डाव्या आरशाची फक्त काच तडकली आहे. मोटर चालते, इंडिकेटर लागतो, वरचं रंगीत कव्हर शाबूत आहे. तरी सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटवर ‘ओआरव्हीएम असेंब्ली, एलएच’, म्हणजे डाव्या बाजूचा अख्खा आरसा, अशी ओळ येते आणि तिच्यापुढे मॉडेलनुसार साधारण ३,००० ते ८,००० रुपयांचा आकडा असतो. बऱ्याच गाड्यांसाठी नुसती काच, मागच्या प्लास्टिकच्या पाटीसकट, ४०० ते १,००० रुपयांत मिळते. ती कुणी सांगत नाही, कारण ती कुणी विचारत नाही.

छोट्या पार्टांच्या महागाईचं मूळ इथे आहे. जो तुकडा बिघडतो तोच तुकडा विकला जातो असं नाही. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये ज्याला स्वतःचा पार्ट नंबर आहे, तेवढंच काउंटरवरून बाहेर पडतं. दोन रुपयांचा प्लास्टिकचा दात तुटला आणि त्या दाताला नंबर नसला, तर ज्या वस्तूला तो चिकटलेला आहे ती अख्खी घ्यावी लागते. धंद्यात अशा सुट्या तुकड्याला ‘चाइल्ड पार्ट’ म्हणतात. कुठल्याही दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नको, हा हवा: याचा चाइल्ड पार्ट वेगळा येतो का, त्याचा नंबर काय?

याची सगळ्यात खात्रीची उत्तरं मिळतात अधिकृत डीलरच्या पार्ट काउंटरवर. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरच्या टेबलावर ती क्वचित मिळतात. त्याला गाडी संध्याकाळपर्यंत सोडायची असते, म्हणून असेंब्ली लिहिणं त्याच्या सोयीचं. काउंटरवरच्या माणसासमोर मात्र स्फोटचित्रांचा कॅटलॉग उघडा असतो, म्हणजे प्रत्येक भाग सुटा करून नंबर दिलेली चित्रं. आरसीवरचा १७ अक्षर-अंकांचा चॅसिस नंबर त्याला द्या आणि ते चित्र पडद्यावर पाहू द्या म्हणून सांगा. नुसतं मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नाही. एकाच वर्षात मधूनच कनेक्टर बदलतो, पिना चारच्या पाच होतात. जुना नंबर बंद होऊन त्याजागी नवा आलेला असतो, तेही तिथेच कळतं. मारुतीसारख्या काही कंपन्यांच्या नंबरात शेवटची तीन अक्षरं रंगाची असतात, ती चुकली की काळ्या दाराला राखाडी हँडल येतं.

किंमत म्हणाल तर पाकिटावरची एमआरपी, सगळे कर धरून. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या पार्टांवर जीएसटी १८ टक्के आहे; त्याआधी बहुतेकांवर २८ टक्के होता. जुन्या दराने १,२८० रुपये छापलेलं पाकीट आजच्या हिशेबात १,१८० चं झालं. काउंटरवर जुना माल असतोच, तेव्हा पाकिटापेक्षा बिलातली कराची ओळ वाचा. काउंटरचा दोष एकच: स्वस्त, कमी खपाचा पार्ट ठेवलेला नसतो. ऑर्डर द्यावी लागते, आगाऊ पैसे भरावे लागतात आणि नंबर चुकला तर परत घेत नाहीत.

इतका भाव का? थोडं कारण खरं आहे. हजारो नंबरांचा साठा मॉडेल बंद झाल्यावरही वर्षानुवर्षं गोदामात ठेवायचा, तर त्याचा खर्च क्लिपवरही चढतो. उरलेलं कारण मक्तेदारीचं. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच मुद्द्यावर: बाहेरच्या गॅरेजना मूळ पार्ट आणि दुरुस्तीची उपकरणं मिळू न देणं. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अटही लावू नका, असं त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांबाबत निष्कर्ष कायम ठेवून दंडाची रक्कम कमी केली. बाहेरच्या कामामुळे प्रत्यक्ष नुकसान झालं, तर त्या भागापुरती वॉरंटी नाकारली जाऊ शकते. पण वायपरचं रबर बाहेरून घातलं म्हणून इंजिनाची वॉरंटी जाईल असं कुणी म्हटलं, तर ते लेखी मागा.

पुण्यातली नाना पेठ किंवा मुंबईत ऑपेरा हाउसकडची पार्टांची दुकानं यांचा खरा उपयोग वेगळा आहे. कंपनी पार्ट स्वतः फारसे बनवत नाही. मारुतीच्या एसीचे अनेक भाग सुब्रोसचे, अनेक गाड्यांचे दिवे लुमॅक्सचे, स्विच युनो मिंडाचे, क्लच वालेओचे, सेन्सर बॉशचे. तोच माल त्या पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यात पेठेत मिळतो आणि बहुधा स्वस्त पडतो. दुकानात तीन शब्द ऐकू येतील: ‘ओरिजिनल’ म्हणजे गाडीच्या कंपनीच्या पाकिटातला, ‘ओईएम’ म्हणजे पुरवठादाराच्या खोक्यातला, ‘लोकल’ म्हणजे उरलेलं सगळं. मधला घ्या, पण पुरवठादाराचं नाव पार्टवर कोरलेलं आहे ना पाहा. कंपनीच्या पाकिटातला म्हणून मोठी सूट देऊन दिला जाणारा फिल्टर किंवा ब्रेक पॅड दिसला तर होलोग्रॅम, छपाई आणि पॅकिंगची तारीख तपासा. या दोन वस्तूंत बनावट माल पुष्कळ असतो.

पेठेची उत्तम खरेदी म्हणजे एसीच्या ब्लोअरचा, म्हणजे पंख्याचा, रेझिस्टर: पंख्याचा वेग कमी ठेवणारा छोटा तुकडा. लक्षण ठरलेलं: पंखा १, २, ३ वर फिरत नाही, ४ वर पूर्ण जोरात फिरतो. चौथ्या वेगाला वीज रेझिस्टर टाळून थेट मोटरला जाते, म्हणून तो चालतो. म्हणजे मोटर बरी आहे; तरी कित्येक ठिकाणी अख्खा ब्लोअर बदलायला सांगतात. रेझिस्टर ४०० ते १,००० रुपयांचा, बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे, दोन स्क्रू आणि एक कनेक्टर. वीस मिनिटांचं काम. पण तो का जळला हे पाहिल्याशिवाय नवा घालू नका. रेझिस्टर वाऱ्याच्या झोतातच थंड राहतो. केबिन फिल्टर धुळीने बुजला की झोत कमी होतो आणि तो तापतो. मोटरचं बेअरिंग घट्ट झालं असेल तर ती जास्त करंट ओढते, आणि मग नवाही काही महिन्यांत जातो. कनेक्टर वितळून तपकिरी झाला असेल तर तोही बदला. चारही वेगांवर पंखा बंद असेल तर आधी फ्यूज आणि रिले पाहायचे. ऑटोमॅटिक एसीत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, ते महाग.

दुसरा असाच पार्ट ड्राइव्हशाफ्टचा बूट. चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या चाकाजवळच्या जॉइंटवर बसलेलं हे घडीघडीचं रबर. ते फाटलं की आतलं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडतं. त्या टप्प्यावर किट पुरतं: बूट, दोन क्लॅम्प, ग्रीसची पुडी, बहुधा सर्क्लिपही. काही शे रुपयांचा माल, मजुरी त्याहून जास्त, कारण शाफ्ट काढावा लागतो. एक्सलचं नट नवं घालायला सांगा आणि जॉइंट पूर्ण धुऊनच ग्रीस भरायला लावा. वाळूचा कण राहिला तर सगळं फुकट. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट आवाज येत असेल, तर उशीर झाला, जॉइंट गेला. तिथे किटावर पैसे घालू नका. कापून चिकटवायचे ‘स्प्लिट’ बूटही नकोत. रोजच्या वाकण्याने सांधा उघडतो.

आरशाच्या काचेबाबत पेठेत एक धोका आहे. साधी सपाट काच आकारात कापून चिकटवून देतात, शंभर-दीडशेत. मूळ काच किंचित फुगीर असते, तिच्यात मागची लेन जास्त दिसते. सपाट काचेत बाजूची मोटारसायकल दिसायची राहते. पाटीसकट मिळणारी फुगीर काचच घ्या. बदलताना काच वरच्या बाजूला पूर्ण झुकवा, खालच्या फटीत कापड गुंडाळलेली प्लास्टिकची पट्टी घाला आणि क्लिपा एकेक सोडवा. हातमोजे घाला. काच गरम करणारी तार असेल तर दोन्ही टोकं लक्षात ठेवून काढा. नवी बसवताना तळव्याने मधोमध दाबा. कडेला दाबलं की तडकते.

विम्यातून असे पार्ट घ्यायचा सल्लाही मिळतो. साध्या पॉलिसीत रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची वजावट आणि वर नो क्लेम बोनस जातो, जो २० ते ५० टक्के असतो. ६,००० च्या आरशासाठी हा व्यवहार आतबट्ट्याचा.

चावीचा खर्च लोकांना सगळ्यात जास्त चटका देतो, आणि तो टाळताही येतो. रिमोटचा पल्ला कमी झाला तर आधी सेल बदला. बऱ्याच चाव्यांत सीआर २०३२ असतो, शंभरच्या आत. कवच फुटलं किंवा बटणाचं रबर गेलं तर नुसतं कवच मिळतं. बदलताना जुन्या कवचात एका कोपऱ्यात बसलेली इमोबिलायझरची चिप नव्यात हलवायला विसरू नका. काही चाव्यांत ती सर्किटपासून वेगळी, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी असते. ती कचऱ्यात गेली की दार उघडतं पण गाडी सुरू होत नाही. स्मार्ट की हरवली तर किंमत दहा हजारांच्या आसपास किंवा वर जाऊ शकते, प्रोग्रॅमिंग धरून. एक चावी हातात असताना दुसरी करणं सोपं आणि स्वस्त. दोन्ही गेल्या की काम वाढतं. नव्या गाडीबरोबर येणारा चावीच्या नंबराचा छोटा टॅग घरी कागदपत्रांत ठेवा.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणचं भंगार दाराचे हँडल, आरशाचं शरीर, पॉवर विंडोचे स्विच, हॅलोजन हेडलाइट, डॅशबोर्डचे तुकडे यांसाठी चांगलं. हेडलाइटचा एक कान तुटला म्हणून अख्खा नवा दिवा घेण्याआधी इथे किंवा प्लास्टिक वेल्डिंगवाल्याकडे विचारा. एलईडी दिव्यांच्या किमती पाहता हा फेरा वाया जात नाही. घेताना कनेक्टरच्या पिना मोजा, जुना पार्ट शेजारी धरा, बिल मागा; बिल नसेल तर चोरीचा माल असू शकतो. इथून ब्रेकचं काहीही, बेल्ट, रबराचे होज आणि एअरबॅगशी जोडलेलं काहीही घेऊ नका. यात स्टिअरिंगखालचा क्लॉकस्प्रिंगही आला, म्हणजे स्टिअरिंग फिरत असतानाही हॉर्न आणि एअरबॅगची वीजजोडणी टिकवणारी गुंडाळलेली पट्टी. हॉर्न बंद आणि एअरबॅगचा दिवा चालू अशी जोडी दिसली की बहुधा तोच गेलेला असतो. तो महाग आहे, पण नवाच घ्यावा, आणि बॅटरीचं टोक काढून, कंपनीने सांगितलेला वेळ थांबूनच हात लावावा.

ऑनलाइनमध्ये बूडमोसारख्या साइटचा मोठा गुण म्हणजे नंबर टाकला की कंपनीचा आणि इतर बनावटीचा पार्ट शेजारी दिसतो, किमतीसकट. नुसतं भाव पाहायला गेलात तरी पेठेत बोलताना बळ येतं. चित्रांवर मात्र विश्वास नको, ती पुष्कळदा नमुन्याची असतात. आणि २० रुपयांच्या बंपर क्लिपवर डिलिव्हरीचा खर्च क्लिपेपेक्षा जास्त होतो. क्लिपा पेठेतून घ्या, लागतात त्याहून चार-सहा जास्त. जुन्या प्लास्टिकच्या काढताना तुटतातच. भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून न्या, निदान जुनी क्लिप खिशात ठेवा.

एक वस्तू कुठूनही घ्या पण दर वेळी घ्या: ऑइल काढायच्या बोल्टचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर. काही रुपयांचा असतो. तो एकदाच दबतो. जुना परत लावला की ऑइल पाझरतं, पाझरतं म्हणून पुढच्या वेळी बोल्ट जोरात आवळला जातो, आणि आटे गेले की ऑइल पॅन बदलायची वेळ येते. बिलावर वॉशरची ओळ नसेल तर गाडी लिफ्टवरून उतरायच्या आत विचारा.