आवाजावर चालणाऱ्या स्पीकरसोबतची दोन वर्षे

आमच्या घरात आवाजावर चालणारा स्पीकर येऊन दोन वर्षे आणि वर काही महिने झाले. तो घेण्यापूर्वी मी जे अभिप्राय वाचले होते, ते बहुतेक पहिल्या आठवड्यात लिहिलेले होते. त्या आठवड्यात माणूस यंत्राची परीक्षा घेत असतो. त्याच्यासोबत राहणे नंतर सुरू होते. विनोद सांग, चंद्र किती लांब आहे ते सांग, नाणे उडवून छापा की काटा ते सांग, हा सगळा खेळ फार तर दहा दिवस चालतो. त्यानंतर घरातली माणसे त्या यंत्राला जे विचारत राहतात, त्यावरून त्याची पारख व्हावी, म्हणून हा अभिप्राय मी मुद्दाम उशिरा लिहीत आहे. कंपनीचे नाव घेत नाही, कारण पुढे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याचशा या जातीच्या यंत्रांच्या घडणीतूनच आलेल्या आहेत.

आमच्याकडे जे उरले ते थोडके आहे: टायमर, गजर, गाणी, तीन दिवे आणि वेळ. ॲपमध्ये दिसणाऱ्या शेकडो सोयींपैकी एवढ्याच टिकल्या. त्यांतही पहिला क्रमांक निःसंशय टायमरचा. स्वयंपाकघरात दोन्ही हात कणकेने किंवा साबणाने भरलेले असताना बोलून टायमर लावता येणे, एकाच वेळी तीन टायमर वेगवेगळ्या नावांनी चालू ठेवता येणे आणि ‘किती वेळ राहिला’ हे मान न वळवता विचारता येणे, ही सोय ज्याने एकदा अनुभवली तो पुन्हा घड्याळाकडे पाहत बसणार नाही. गाण्यांबाबत माझे मत एवढे उत्साही नाही. लहान आकाराच्या स्पीकरमधून बातम्या आणि बोलणे स्वच्छ ऐकू येते, पण तबल्याचा बायाँ जवळजवळ नाहीसाच होतो. खोलीच्या कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज थोडा वाढतो, मात्र मग आवाज घुमू लागतो. संगीत हेच मुख्य कारण असेल, तर मोठा स्पीकर घ्यावा किंवा हा विचार सोडून द्यावा.

ऐकण्याच्या बाबतीत मात्र हे यंत्र खरोखर चकित करते. अमेझॉनने 2014च्या नोव्हेंबरमध्ये इको हा आपला पहिला असा स्पीकर आणला, तेव्हा त्याच्या माथ्यावर सात मायक्रोफोन गोलाकार बसवलेले होते, आणि आजच्या यंत्रांमागची कल्पनाही तीच आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, त्यामुळे एकमेकांपासून सात सेंटिमीटर अंतरावर असलेल्या दोन मायक्रोफोनांपर्यंत तो पोहोचण्यात जास्तीत जास्त सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाइतका फरक पडतो. तेवढ्या फरकावरून बोलणारा कोणत्या बाजूला आहे हे यंत्र ओळखते आणि त्या बाजूचा आवाज उचलून बाकीचा दाबते. स्वतः वाजवत असलेले गाणेही त्याला ठाऊक असते, म्हणून ऐकलेल्या आवाजातून ते वजा करता येते. गाणे चालू असताना हाक, म्हणजे त्याला जागे करणारा ठरलेला शब्द, ऐकू येते ती यामुळे. अर्थात दूरचित्रवाणीचा आवाज त्याला असा वजा करता येत नाही. आमचा स्पीकर पहिले तीन महिने दूरचित्रवाणीच्या शेजारी होता आणि त्या काळात त्याने मालिकांमधल्या पात्रांना इतक्यांदा उत्तरे दिली की शेवटी तो समोरच्या भिंतीवरच्या फळीवर गेला. तिथून आता आठवड्याला एखादी चुकीची जाग येते, तेवढी सहन होते. एक सूचना जाता जाता: खिडकीत ठेवू नये. मिशिगन विद्यापीठ आणि टोकियोतील विद्युत-दळणवळण विद्यापीठ यांच्या संशोधकांनी 2019 मध्ये लेझरचा किरण मायक्रोफोनवर रोखून, काचेपलीकडून, एक शब्दही न बोलता अशा यंत्रांना आज्ञा देऊन दाखवल्या होत्या. आपल्या घरावर कोणी लेझर रोखून बसणार नाही हे खरे, पण खिडकीत ठेवण्याचा तसा काही फायदाही नाही.

आता भाषेविषयी. आमच्या स्पीकरला मराठी येत नाही. घरात सगळे मराठी बोलणारे, पण दिवा लावायचा तर इंग्रजी. मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याला यात काही वावगे वाटत नाही. मला सुरुवातीला वाटले, पुढे सवय झाली. मात्र आईचे वय शहात्तर, आणि डोळ्यांच्या आजाराने तिची मधली नजर गेलेली आहे. कडेकडेचे दिसते, पण घड्याळाचे काटे किंवा फोनवरची अक्षरे दिसत नाहीत. या यंत्राची खरी गरज घरात कोणाला असेल तर तिला. पहिल्या दिवशी ती त्याच्याशी माणसाशी बोलावे तशी बोलली. हाक मारली, तो जागा झाला का हे पाहण्यासाठी थांबली, आणि मग म्हणाली, “जरा सांगतोस का रे, उजाडायला आलं की अजून अवकाश आहे?” तोपर्यंत यंत्राची ऐकण्याची मुदत संपून, ऐकत असताना त्याच्यावर उजळणारे दिव्याचे कडे विझले होते. पुढच्या वेळी तिने घाई केली, तर समजले नाही असे उत्तर मिळाले. शेवटी मी तिला चार इंग्रजी वाक्ये शिकवली आणि ती तिने परवचा म्हणावा तशी पाठ केली. बाजारात या यंत्राचे कौतुक ‘तुमची भाषा समजते’ असे केले जाते. आमच्या घरात तरी समजून घेण्याचे काम शहात्तर वर्षांच्या बाईने केले.

ती चार वाक्ये आल्यावर मात्र तिचा दिवस बदलला, हे मान्य करायलाच हवे. पूर्वी वेळ विचारण्यासाठी ती कोणी खोलीत येण्याची वाट पाही. औषधांच्या वेळांसाठी तीन स्मरणसूचना लावून दिल्या आहेत आणि गेल्या दोन वर्षांत त्या बहुधा एकदाही चुकलेल्या नाहीत.

रात्रीची एक अडचण फार उशिरा लक्षात आली. उत्तराच्या आवाजाची पातळी आणि गाण्याच्या आवाजाची पातळी ही आमच्या यंत्रात एकच आहे. संध्याकाळी मुलाने गाणी मोठ्याने लावली आणि आवाज तसाच सोडला, की पहाटे आईने हळूच विचारलेल्या वेळेचे उत्तर अख्ख्या घराला मिळते. अशा दोन रात्रींनंतर आईने रात्री विचारणेच बंद केले होते, आणि कारण मात्र सांगितले नव्हते. उपाय सोपा निघाला: रोज रात्री दहा वाजता आवाज आपोआप दोनवर येईल असा क्रम ॲपमध्ये लावून ठेवला. कंपनीने हे आपणहून का करून ठेवू नये, ते मला समजलेले नाही. तसेच, उत्तर संपल्यावर ‘आणखी एक गोष्ट सांगू का’ अशी जी शेपटी हे यंत्र जोडते ती बंद करण्यासाठी मला तीन वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन बटणे बदलावी लागली, आणि एका अपडेटनंतर ती शेपटी पुन्हा उगवली. आई प्रत्येक वेळी गोंधळून तिला ‘नको’ म्हणत असे, अर्थातच मराठीत.

दिव्यांचा अनुभव संमिश्र आहे, आणि इथे मी केलेली चूक इतरांनी करू नये म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आम्ही आधी वायफायवर चालणारे बल्ब आणले. ते जोडतानाच अर्धा दिवस गेला, कारण असे बहुतेक बल्ब वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच चालतात आणि माझा फोन 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर होता. ॲप मात्र नुसतेच ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणत राहिले. जोडणी झाल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. बल्ब आवाजाला प्रतिसाद देतो तो भिंतीवरचे बटण चालू असेल तरच. आईचा हात आयुष्यभराच्या सवयीने खोलीबाहेर पडताना बटणाकडे जातोच, आणि बटण बंद झाले की आत कितीही हुशार बल्ब असला तरी तो मेलेला. त्याच्या उलट प्रकार एका रात्री घडला. वीज गेली आणि तीनच्या सुमारास परत आली, तेव्हा विझवून ठेवलेले तिन्ही बल्ब पूर्ण उजेडाने लागले, कारण वीज आल्यावर लागायचे अशीच त्यांची मूळ मांडणी होती. ती ॲपमध्ये बदलता येते, हे दुसऱ्या दिवशी कळले. शेवटी आम्ही बल्ब काढून भिंतीच्या बटणामागे बसणारे छोटे स्विच वायरमनकडून बसवून घेतले. आता बल्ब साधे आहेत, बटण दाबले तरी दिवा लागतो आणि सांगितले तरी लागतो, आणि आईच्या सवयीशी कोणाचे भांडण राहिलेले नाही. ज्यांना दिव्यांसाठी हे सगळे करायचे असेल त्यांनी बल्बच्या वाटेला न जाता थेट स्विचपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

विजेचा खर्च किरकोळ आहे. मोजणारे यंत्र लावून पाहिले तेव्हा नुसते ऐकत असताना स्पीकर सुमारे दोन वॅट घेत होता. म्हणजे वर्षाला सतरा-अठरा युनिट.

इंटरनेट गेले की काय होते, हा प्रश्न घेण्याआधी विचारायला हवा होता. हाक ओळखण्याचे काम यंत्र स्वतःच करते, मात्र हाकेनंतरचे बोलणे समजून घेण्याचे काम दूरच्या सर्व्हरवर होते. त्यामुळे राउटर बंद पडला त्या संध्याकाळी आमचा स्पीकर हाकेला ओ देत होता आणि लगेच असमर्थता व्यक्त करत होता. आधी लावलेला गजर दुसऱ्या सकाळी वाजला, एवढेच समाधान. वस्तू आपल्या फळीवर आणि तिची बुद्धी परक्याच्या घरी, असा हा मामला आहे, आणि परक्याच्या घरचे नियम परका ठरवतो. अमेझॉनच्या काही इको यंत्रांवर ध्वनिमुद्रण बाहेर न पाठवता जागच्या जागी बोलणे समजून घेण्याचा पर्याय होता; 28 मार्च 2025 पासून कंपनीने तो काढून घेतला. ज्यांनी त्या पर्यायासाठी ते यंत्र निवडले असेल, त्यांना न विचारता त्यांच्या घरातली वस्तू बदलली.

ध्वनिमुद्रणे माणसेही ऐकतात, हे 2019 मध्ये उघड झाले. यंत्राची समज सुधारावी म्हणून अमेझॉन, गूगल आणि ॲपल या तिघांकडेही काही मुद्रणे तपासायला कर्मचारी किंवा कंत्राटदार होते. त्यानंतर अशा तपासणीला नकार देण्याची सोय झाली. मायक्रोफोन बंद करण्याचे बटण या यंत्रांवर असते आणि पाहुण्यांशी किंवा आपसांत नाजूक बोलणे असेल तेव्हा आम्ही ते दाबतो. पण खरे सांगायचे तर दहातल्या आठ वेळा ते दाबायची आठवणच होत नाही. इतकी वर्षे मला या विषयाची काळजी वाटायची ती अशा दूरच्या, अनोळखी कानांची.

गेल्या वर्षी मुद्रणे आपोआप पुसली जावीत म्हणून ॲपमध्ये शिरले, तेव्हा आजवरच्या सगळ्या आज्ञांची यादी समोर आली. तारीख, वेळ, आणि बोललेले शब्द. मुलाने गणिताची उत्तरे विचारलेली होती, त्याचे हसू आले. खाली सरकत गेले तशा आईच्या नोंदी दिसू लागल्या. रात्री एक वाजून दहा मिनिटे: वेळ काय. दोन चाळीस: वेळ काय. तीन पंचवीस. चार पाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच, तिसऱ्या दिवशीही. सकाळी झोप लागली का असे विचारल्यावर ती रोज ‘हो, छान’ म्हणत आली होती.

मी तिला विचारले. ती म्हणाली, “म्हातारपणी एवढी कुठली गं झोप.” आणि थोडे थांबून, “पण तू ते सगळं वाचतेस होय?”

डॉक्टरांकडे जाणे झाले, औषधाची वेळ बदलली, झोप काहीशी सुधारली. त्या यादीचा उपयोग झाला हे नाकारता येत नाही. परंतु आईने त्यानंतर रात्री स्पीकरशी बोलणे पुन्हा सोडले, आणि या वेळी आवाजाची पातळी कमी करून तो प्रश्न सुटणारा नव्हता. मुद्रणे तीन महिन्यांनी पुसली जातील अशी मांडणी मी करून दिली, तीही तिला पुरेशी वाटली नाही. मग तिच्या उशाशी एक साधे बोलणारे घड्याळ आणून ठेवले. मोठे बटण दाबले की ते वेळ सांगते. बॅटरीवर चालते, इंटरनेट मागत नाही, आणि रात्रीतून कितीदा दाबले याची नोंद ठेवत नाही. औषधांच्या आठवणींपुरता आणि टायमरपुरता स्पीकर आता स्वयंपाकघरात आहे. तिच्या खोलीसाठी दुसरा घेण्याचे आम्ही ठरवले होते, तो बेत सोडून दिला आहे.