पाण्याच्या वादासाठी वकील कोणता नेमायचा? पुण्यापुढचे पर्याय समोरासमोर

स्थायी समितीच्या कार्यपत्रिकेवर कधी ना कधी असा विषय येतोच: पाणीविषयक प्रकरणांसाठी बाहेरील विधिज्ञांची नेमणूक. सोबत दोन पानांचं टिपण असतं, खाली शुल्काचा आकडा, आणि चर्चेला मिळतात जेमतेम पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांच्या आधी वाचायला म्हणून हे लिहितोय. मी वकील नाही. पुण्याबाहेरच्या एका नागरी संस्थेत पाणीपुरवठ्याचा उपअभियंता होतो, आणि नोकरीची शेवटची सात वर्षं बरीचशी सुनावण्यांच्या फायली लावण्यात गेली. वकिलांचं काम मी मागच्या बाकावर बसून पाहिलंय, त्यामुळे कोण काय बोललं यापेक्षा कोणाला काय विचारल्यावर उत्तर देता आलं नाही, हे माझ्या जास्त लक्षात राहिलंय.

आधी हे समजून घ्या की "पाण्याचा हक्क" म्हणजे मालकी नव्हे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम 2005 मध्ये आला आणि त्यात हक्क म्हणजे वापरण्याचा अधिकार, एवढंच आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून 29.15 टीएमसी (अब्ज घनफूट) साठा. त्याच साठ्यावर नव्या मुठा उजव्या कालव्यानं हवेली, दौंड, इंदापूरची शेती उभी आहे. महापालिकेचा जलसंपदा विभागाशी झालेला जुना करार 11.5 टीएमसीचा. प्रत्यक्षात शहर त्याहून कितीतरी जास्त पाणी उचलतं. 2017 मध्ये 11 गावं आत आली, 2021 मध्ये आणखी 23. (उरुळी देवाची आणि फुरसुंगी नंतर बाहेर काढली, पण बाकीच्यांची तहान शहराच्या खात्यावरच आहे.) वाद आहे तो करारातला कोटा आणि प्रत्यक्ष उचल यांतल्या फरकाचा, आणि त्या फरकावर लागणाऱ्या वाढीव दराचा.

हा वाद एकाच दारात उभा राहत नाही. कोटा, ठोक पाण्याचा (धरणातून घाऊक घेतलेल्या पाण्याचा) दर, जादा वापराची आकारणी हे 2005 च्या अधिनियमानं नेमलेल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे, म्हणजे मुंबईला कफ परेडला. मैलापाणी, नदीपात्र, मुळा-मुठेचं प्रदूषण हे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, ज्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच बसतं. जनहित याचिका आणि रिट उच्च न्यायालयात. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, पण पुणे जिल्हा त्यात नाही, सोलापूर आहे. म्हणजे उजनीच्या बाजूचा माणूस कोल्हापूरला जाईल आणि पुणेकर मुंबईला, ही नवीच परिस्थिती आहे. राहिला कृष्णा लवादाचा भाग. मुठेचं पाणी भीमेतून कृष्णेलाच जातं हे खरं, पण तिथे पक्षकार राज्यं असतात, शहर नव्हे. त्या कामासाठी कुणी शुल्क मागत असेल तर ते कशासाठी, हे नीट विचारा.

आता पर्याय.

महापालिकेचा विधी विभाग आणि पॅनेलवरचे वकील

सर्वात स्वस्त. दर ठरलेले, माणसं ओळखीची, फाईल कुठल्या टेबलावर अडकली हे त्यांना फोनवर कळतं. हरित न्यायाधिकरणाच्या नेहमीच्या तारखांना हे पुरतं, असं माझं मत आहे.

पण पॅनेलवरच्या वकिलाचा दिवस कसा जातो ते बघा. मिळकतकर, अतिक्रमण, बांधकामाच्या नोटिसा, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क), कर्मचाऱ्यांची सेवाप्रकरणं. त्यात पाण्याचं एखादं प्रकरण. ते वाचायला त्याला वेळ मिळतो तो आदल्या रात्री.

प्राधिकरणापुढच्या आमच्या एका सुनावणीत असंच झालं. आमच्या बाजूचा तो त्या प्रकरणातला तिसरा वकील होता. आधीचे दोघे पॅनेल बदलल्यावर गेले. मुद्दा होता आम्ही महिन्याला किती पाणी उचललं याचा. सदस्यांनी विचारलं, "हा आकडा मीटरचा आहे की पंपाच्या तासांवरून काढलेला?" वकिलांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मीटर एकोणीस दिवस बंद होता. त्या दिवसांचा आकडा पंपाची क्षमता गुणिले चालू तास असा काढलेला, आणि रजिस्टरमध्ये "मी. बंद" अशी निळ्या शाईत नोंद होती. समोरच्या अभियंत्याकडे त्याच पानाची झेरॉक्स होती. आमच्या प्रतिज्ञापत्रात मात्र सरसकट "मीटरनुसार" असं लिहिलेलं. चूक लबाडीची नव्हती, पण त्या एका शब्दानं पुढचं काही कुणी मनावर घेतलं नाही. तारीख दोन महिन्यांनी लागली आणि तोपर्यंत बिल वाढीव दरानंच येत राहिलं.

प्राधिकरणावर जलसंपदा अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्रातले जाणकार सदस्य असतात. तिथे भाषण चालत नाही. 1 टीएमसी म्हणजे 2,831.7 कोटी लिटर, आणि वर्षभर सारखं उचललं तर दिवसाला साधारण 77.6 दशलक्ष लिटर, हा हिशोब वकिलाला झोपेतून उठवलं तरी यायला हवा. 11.5 टीएमसी म्हणजे रोजचे 892 दशलक्ष लिटर (एमएलडी). यातलं काही विचारल्यावर जो मागे वळून बघतो, त्यानं बाजू निम्मी तरी सोडून दिलेली असते.

आणखी एक बाब, जी टिपणात कधी येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2025 मध्ये स्पष्ट केलं की वकील आणि अशिलातल्या गोपनीयतेचं जे पूर्ण संरक्षण वकिली करणाऱ्याला मिळतं, ते पूर्णवेळ पगारावरच्या विधी सल्लागाराला मिळत नाही. थकबाकीच्या वादात आपली बाजू कुठे कच्ची आहे हे मोकळेपणानं लिहून घ्यायचं असेल, तर ते मत वकिली करणाऱ्या बाहेरच्या वकिलाकडून घेतलेलं बरं. शिवाय समोर राज्य सरकारचंच खातं आहे आणि आयुक्तही राज्य शासनानंच नेमलेले. अशा वेळी नोकरीतल्या माणसानं सरकारविरुद्ध कडक मत लिहावं ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

पाण्याच्याच कायद्यात मुरलेला स्वतंत्र वकील

ही माणसं थोडी आहेत. 1976 चा पाटबंधारे कायदा, 2005 चा अधिनियम, भूजलाचा 2009 चा कायदा, प्राधिकरणाचे जुने आदेश हे त्यांच्या बोटांवर असतं. जायकवाडीच्या वादात प्राधिकरणानं 2014 मध्ये समन्यायी वाटपाचा आदेश दिला आणि उच्च न्यायालयानं 2016 मध्ये तो उचलून धरला. तो आदेश पुण्याला का झोंबू शकतो, हे असा वकील पहिल्या बैठकीतच सांगेल: वरच्या धरणांतलं पाणी खाली सोडा, हे तत्त्व गोदावरीत मान्य झालं तर भीमेच्या खोऱ्यात कुणी तरी ते मांडणारच.

त्यांच्याकडे सातत्य असतं, आणि पाण्याच्या प्रकरणात ते सोन्यासारखं. करार, वार्षिक पाण्याचं अंदाजपत्रक, दरनिश्चिती, पुन्हा करार, असं चक्र वर्षानुवर्षं चालतं. पाच वर्षांपूर्वीच्या सुनावणीत आपण काय कबूल केलं, हे ज्याला आठवतं त्याच्या हातून चूक कमी होते.

अडचणी दोन. एक म्हणजे हितसंबंध. या क्षेत्रातला अनुभव आभाळातून पडत नाही. तो पाणीवापर संस्था, साखर कारखाने, औद्योगिक वसाहती किंवा खुद्द पाटबंधारे महामंडळाचं काम करूनच आलेला असतो. एका पक्षाला ज्या प्रकरणात सल्ला दिला, त्यातच दुसऱ्याकडून उभं राहायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात. पण मागच्या वर्षी दौंडच्या शेतकऱ्यांकडून आणि यंदा शहराकडून, प्रकरण वेगळं आणि कालवा तोच, असं झालं तर? नियमात कदाचित बसेल, विश्वासात बसणार नाही. गेल्या दहा वर्षांत या खोऱ्यात कोणाकोणाची कामं केली, हे लेखी मागा. नकार दिला तर पुढे जाऊ नका. दुसरी अडचण साधी आहे: एकटा माणूस आजारी पडतो. त्याचा जोडीदार वकील कोण, हेही ठरावात हवं.

मुंबई-दिल्लीची मोठी लॉ फर्म

मनुष्यबळ भरपूर. हजारो पानं स्कॅन करून अनुक्रमणिका लावणं, परदेशी कर्जाच्या प्रकल्पातले करार, ठेकेदाराशी लवादाचं काम, यात त्यांना तोड नाही. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणाला जपानी कर्ज आहे. अशा करारांवरचा वाद उभा राहिला तर मी फर्मच नेमीन.

कोट्याच्या वादात मात्र मला शंका आहे, आणि तिचं कारण भाषा. आपली सगळी कागदपत्रं मराठीत: गेजच्या (पाण्याची पातळी मोजणाऱ्या पट्टीच्या) नोंदी, शासन निर्णय, कालवा सल्लागार समितीची इतिवृत्तं. कालवा समितीत "तत्त्वतः मान्यता" दिली आणि "मान्यता" दिली यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. भाषांतर करणाऱ्यानं दोन्हीला एकच शब्द वापरला की बाजू कोसळते. मसुदा करणारा तरुण वकील इतिवृत्त मुळातून वाचू शकतो का, हे भेटीत विचारा. सादरीकरणाला भागीदार येतात, पण रोजचं काम कोण करणार त्याचं नाव घ्या. फर्मच्या इतर अशिलांत पुण्यातले विकासक किंवा याच धरणांतून पाणी घेणारे उद्योग आहेत का, हेही.

सीनिअर कौन्सेल

हा वेगळा पर्याय नाहीच, वरच्या तिन्हींना लागणारी जोड आहे. ज्येष्ठ अधिवक्त्याला स्वतः वकीलपत्र दाखल करता येत नाही. त्याला माहिती पुरवणारा वकील लागतोच. स्थगितीचा दिवस, उच्च न्यायालयातली अंतिम सुनावणी, यासाठी जरूर घ्या. प्रत्येक तारखेला नको.

पैशाचं

कमीत कमी दर देणारा निवडायचा, ही पाइप खरेदीची पद्धत इथे लावू नका. दर तारखेप्रमाणे ठरवला तर पुढे ढकललेल्या तारखेचेही पैसे जातात. म्हणून टप्प्यांनुसार ठरवा: मत, मसुदा, पुरावा, अंतिम युक्तिवाद. "बिल जितकं कमी करून देऊ त्याच्या टक्केवारीनं घेऊ" असं कुणी सुचवलं तर तो विषय तिथेच थांबवा. निकालावर अवलंबून शुल्क ठरवणं आपल्याकडे वकिलाला निषिद्ध आहे. विधिज्ञांचा सल्ला घेण्याचे अधिकार महापालिका अधिनियमाच्या कलम 481 मध्ये आयुक्तांना आहेत, तेव्हा "कायद्यात बसत नाही" ही सबब कुणाचीच चालू नये.

मी असतो तर

प्राधिकरणाचं काम, म्हणजे कोटा, दर आणि थकबाकी, पाण्याच्या कायद्यातल्या स्वतंत्र वकिलाकडे किमान तीन वर्षांसाठी दिलं असतं. हरित न्यायाधिकरण पॅनेलकडेच ठेवलं असतं, एका अटीवर: तिथलं प्रत्येक प्रतिज्ञापत्र दाखल होण्याआधी या वकिलाच्या नजरेखालून जायला हवं. ही अट का, ते सांगतो. शहरानं 6.5 टीएमसी पाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या उपसा विहिरीतून) शेतीसाठी द्यायचं, असं ठरलेलं आहे. आता समजा न्यायाधिकरणात आपण सांगितलं की आमचे मैलापाणी प्रकल्प पूर्ण क्षमतेनं चालत नाहीत, निधी द्या, मुदत द्या. आणि प्राधिकरणापुढे सांगितलं की आम्ही शेतीला ठरलेलं सगळं पाणी परत देतो. दोन्ही कागद सार्वजनिक असतात. ते शेजारी ठेवायला समोरच्या वकिलाला फक्त एक दुपार पुरते. शहराचा आकडा सगळीकडे एकच हवा, आणि तो एकाच्या ताब्यात हवा.

फर्म आणि सीनिअर गरजेपुरते, त्या-त्या प्रकरणासाठी स्वतंत्र ठराव करून.

वकिलाच्या नावासोबत त्याच ठरावात पाणीपुरवठा खात्यातल्या एका अभियंत्याचंही नाव असावं. खडकवासल्यापासून पर्वती जलकेंद्रापर्यंतच्या मीटरच्या नोंदी त्याच्याकडे, आणि प्रत्येक सुनावणीला त्याची जागा वकिलाच्या शेजारी. प्रकरण चालू असेपर्यंत त्याची बदली करायची नाही. सकाळच्या डेक्कन क्वीननं मूळ रजिस्टर घेऊन जाणारा तोच असेल, आणि मीटर बंद होता का हे विचारल्यावर वकिलाला मागे वळून बघावं लागणार नाही.