लँग्वेज सर्व्हरची चाचणी: एडिटर उघडून की थेट प्रोटोकॉलवरून?

लँग्वेज सर्व्हर म्हणजे एडिटरला कोडमधल्या चुका वगैरे दाखवून देणारा वेगळा प्रोग्राम; दोघे लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (एलएसपी) या ठरलेल्या नियमांनी एकमेकांशी बोलतात. त्याच्या इंटिग्रेशन टेस्ट, म्हणजे भाग एकत्र चालवून पाहणाऱ्या चाचण्या, लिहायला घेतल्या की दोन मार्ग समोर येतात. एकात व्हीएस कोड हा एडिटर खरोखर सुरू करून त्याला जोडलेल्या एक्स्टेन्शनमार्फत सर्व्हर तपासला जातो. दुसऱ्यात एडिटर वगळून सर्व्हर स्वतंत्र प्रोसेस म्हणून चालवायचा आणि स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून त्याच्याशी जेसन-आरपीसी या संदेशांच्या स्वरूपात बोलायचे. मी दोन्ही वापरले आहेत. नव्या टेस्ट मात्र बहुधा दुसऱ्या पद्धतीनेच लिहितो.

पहिल्या मार्गाचे महत्त्व कमी नाही. एक्स्टेन्शन योग्य फाइल उघडताच सक्रिय होते का, सेटिंग्ज सर्व्हरपर्यंत पोचतात का, सर्व्हरची बायनरी (चालवायची फाइल) सापडते का, हे दुसऱ्या मार्गाने कळतच नाही. लिनक्सच्या सीआयवर, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर, एक्सव्हीएफबीसारखा आभासी डिस्प्ले लागतो, पण ते काम एकदाचे असते.

माझा निर्णय झाला तो वाट पाहण्याच्या प्रश्नावर. डायग्नॉस्टिक्स म्हणजे कोडमध्ये सापडलेल्या चुका; त्या कळवणारा पब्लिश डायग्नॉस्टिक्स हा संदेश विनंतीचे उत्तर नसून सर्व्हरने आपणहून पाठवलेले नोटिफिकेशन असते. एडिटरच्या आतून टेस्टला डायग्नॉस्टिक्सची यादी मागता येते, ती बदलल्याची सूचनाही मिळते. परंतु ती यादी ताज्या मजकुराची आहे की आधीच्या, हे त्या सूचनेत नसते. मायक्रोसॉफ्टच्या नमुना प्रकल्पातही फाइल उघडल्यावर सर्व्हर सक्रिय व्हावा म्हणून सरळ २००० मिलिसेकंद थांबणारी ओळ आहे. एवढे थांबणे माझ्या लॅपटॉपवर पुरते, सीआयच्या संथ मशीनवर कधी पुरते, कधी नाही. मग आकडा वाढतो, टेस्ट रेंगाळतात, आणि टेस्ट फेल झाली की कोड न पाहताच ती पुन्हा चालवण्याची सवय लागते. टेस्टवरचा विश्वास असा उडणे मला सर्वांत महाग वाटते.

थेट मार्गात हे नेमकेपणाने सांगता येते. बदल पाठवताना दस्तऐवजाची आवृत्ती २ द्यायची आणि त्याच फाइलसाठी आवृत्ती २ लिहिलेले नोटिफिकेशन येईपर्यंत थांबायचे. चूक दुरुस्त झाली असेल, तर त्यात रिकामी यादी यायला हवी. हे आवृत्तीचे फील्ड प्रोटोकॉलच्या ३.१५ पासून आहे, मात्र ऐच्छिक असल्यामुळे आपल्या सर्व्हरने ते भरायला हवे. गो भाषेच्या गोप्लीज या लँग्वेज सर्व्हरनेही स्वतःच्या टेस्टसाठी एक कृत्रिम एडिटर लिहिला असून, बदलावरचे काम संपेपर्यंत थांबण्याची सोय त्यात आहे. स्वतःचा क्लायंट लिहायचा नसेल, तर पायटेस्ट-एलएसपी हे टेस्टचे तयार साधन पाहावे. सर्व्हर कोणत्याही भाषेत लिहिलेला असला तरी ते चालते.

देवनागरी लिहिणाऱ्या आपल्यासाठी आणखी एक मुद्दा आहे. प्रोटोकॉलमधील स्थाने मुळात यूटीएफ-१६ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीच्या एककांत मोजली जातात. ओळीत 'नमस्कार' असेल तर ती ७ एकके होतात, पण यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. बाइट मोजणारा सर्व्हर त्यापुढच्या प्रत्येक चुकीची अधोरेषा १४ घरे पुढे सरकवतो. ही चूक दोन्ही मार्गांनी पकडता येते. तथापि, ३.१७ पासून क्लायंट आणि सर्व्हर यूटीएफ-८ वरही सहमत होऊ शकतात, आणि व्हीएस कोडचा क्लायंट केवळ यूटीएफ-१६ मागत असल्याने सर्व्हरच्या कोडची यूटीएफ-८ ची शाखा थेट मार्गानेच तपासता येते.

ज्यांच्या एक्स्टेन्शनमध्ये स्वतःचे मिडलवेअर (एडिटर आणि सर्व्हर यांच्यामधले संदेश हाताळणारा कोड) बरेच आहे, त्यांना कदाचित पहिला मार्ग अधिक उपयोगी पडेल. इतरांनी सक्रियता आणि सेटिंग्ज यांपुरत्या मोजक्या टेस्ट एडिटरमध्ये ठेवाव्यात आणि डायग्नॉस्टिक्सची एकही तिथे ठेवू नये, असे मी सुचवेन.