ट्रेलर उभा राहतो कशावर: हवेवर, स्क्रूवर की स्प्रिंगवर?

धुळ्याकडे जुना ट्रेलर बघायला आलेला माणूस आधी टायरांना लाथ मारतो, मग वाकून चासीचे वेल्डिंग बघतो, मग कागद मागतो. पार्किंग ब्रेक कसला आहे, हे विचारणारा क्वचितच भेटतो. मीही पहिला ट्रेलर घेताना विचारले नव्हते.

तो भरलेला ट्रेलर एका कारखान्याच्या आवारात रात्री सोडला होता. ड्रायव्हरने ट्रेलर टेकवायचे पुढचे पाय खाली केले, हवेची लाल होज (नळी) काढली, फस्स झाले, चाके जाम. मग तो घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, घेऊन दुसऱ्या भाड्याला गेला. सकाळी वॉचमनचा फोन आला, ‘शेठ, तुमचा ट्रेलर भिंतीला टेकलाय.’ पायांना लोखंडी चाके होती, त्यामुळे तेही आड आले नाहीत. भिंत आम्ही बांधून दिली. मिस्त्री खाली सरकला, बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, ‘अरे भो, हवावर उभी करेल गाडी हवाच सोडी देस.’

त्याचे म्हणणे नीट समजून घेतले की निम्मा निर्णय झालाच म्हणा. घोड्यापासून ट्रेलरला दोन होज जातात. लाल होज ट्रेलरच्या टँकमध्ये हवा भरत राहते आणि पिवळी होज पायाच्या ब्रेकचा इशारा नेते. लाल होज निघाली किंवा तुटली की ट्रेलरवरचा इमर्जन्सी व्हॉल्व्ह टँकमधली हवा चेंबरमध्ये, म्हणजे हवेच्या जोराने दांडा ढकलून चाकाचा ब्रेक लावणाऱ्या डब्यात, सोडतो आणि ब्रेक लागतो. धावत्या गाडीपासून ट्रेलर सुटला तर त्याने जागीच थांबावे, म्हणून ही सोय. रात्रभर उभे राहण्यासाठी ती नाही. चेंबरमधल्या रबरी पडद्याला (डायफ्रामला) बारीक भेग असेल, नटाजवळ थोडी गळती असेल, तर काही तासांत टँक रिकामा होतो आणि ब्रेक आपोआप सुटतो. क्लीनरने पाणी काढायला टँकचा कॉक उघडा ठेवला, तर तेवढा वेळही लागत नाही.

म्हणून हवेवरच्या ब्रेकला मी पार्किंग ब्रेक धरतच नाही. खरी निवड उरते ती स्क्रू आणि स्प्रिंग या दोघांत.

स्क्रूचा प्रकार जुन्या ट्रेलरांवर दिसतो. बाजूला एक हातचाक असते. ते फिरवले की स्क्रू केबल ओढतो आणि केबल एका-दोन ॲक्सलचे ब्रेक ओढून धरते. हवेचा संबंध नाही, समजायला सोपे, दुरुस्ती कुठल्याही गॅरेजात. गाडी बंद पडली, कंप्रेसर गेला, तरी चाक उलटे फिरवा आणि ट्रेलर ओढून न्या. अडचण माणसाची आहे. रात्री दोन वाजता, पावसात, खाली उतरून ते चाक तीसेक वेळा कोण फिरवणार? चार वळसे मारून ड्रायव्हर झोपायला जातो. ग्रीस नसेल तर स्क्रू अडकतो, केबल गंजते, ताणून सैल पडते. मी पाहिलेल्या अशा ट्रेलरांत हातचाक रंगवलेले आणि केबल गायब, असेही दोन निघाले.

स्प्रिंगचा प्रकार डोक्यात उतरायला वेळ लागतो, कारण हिशोब उलटा आहे. चेंबरच्या मागच्या डब्यात जाड स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि हवा तिला दाबून धरते. चालायचे असेल तेव्हा साधारण पाच-साडेपाच किलो दाबाची हवा हवी. हवा गेली की स्प्रिंग पसरते आणि ब्रेक लागतो. गळती झाली तर ट्रेलर सुटत नाही, उलट जाम होतो. कॉक उघडा राहिला तरी तेच. अमेरिकेत 1975 पासून एफएमव्हीएसएस 121 या नियमाने नव्या ट्रेलरांना असा पार्किंग ब्रेक सक्तीचा झाला, जो हवा गेल्यावरही धरून राहील.

पण स्प्रिंग लावली म्हणजे काम झाले, असे नाही. स्प्रिंग जितकी जास्त पसरते तितका तिचा जोर कमी होतो. स्लॅक ॲडजस्टर (चेंबरच्या दांड्याचा जोर ब्रेक फाकवणाऱ्या कॅमला देणारा, आवळता येणारा हात) सैल असेल, ड्रमवर घासणारे लायनर झिजलेले असतील, तर चेंबरचा दांडा लांब बाहेर येतो आणि ब्रेक नुसता नावाला लागतो. तीस नंबर मापाच्या साध्या चेंबरला दांड्याची चाल दोन इंचांवर गेली की ॲडजस्टमेंट करायची वेळ झाली. दुसरे, पार्किंग लागलेले असताना पायाचा ब्रेक दाबू नये. दोन्ही जोर एकत्र होऊन स्लॅकवर आणि कॅमवर ताण येतो. घाट उतरून ड्रम लालबुंद तापलेले असताना लगेच पार्किंग ओढू नये, हेही त्यातच आले. आधी थंड होऊ द्या, तोवर चाकांना अडवायला गुटके लावा.

स्प्रिंगची खरी चीड येते ती बंद पडल्यावर. कोंडाईबारी घाटात होज फुटली, टँक रिकामा झाला, की ट्रेलर जागचा हलत नाही. मग चेंबरच्या बाजूला खोचलेला बोल्ट काढायचा, मागच्या भोकात घालून पाव वळसा द्यायचा आणि नट आवळत स्प्रिंग परत दाबायची, दरेक चेंबरला. आधी चाकांना दगड लावायचा, कारण बोल्ट आवळला की ब्रेक राहत नाही. मात्र चेंबरची पट्टी खोलून आत काय आहे ते बघायचा मोह कुणी करू नये. ती स्प्रिंग माणूस मारते.

आता घोड्याची बाजू, कारण जोडलेला ट्रेलर बऱ्याचदा घोडाच धरतो. युरोपीय पद्धतीच्या घोड्यात हॅन्डब्रेकची एकच दांडी असते. ती ओढली की घोड्याची मागची स्प्रिंग लागते आणि ट्रेलरला पिवळ्या होजमधून हवेचा ब्रेक लागतो. म्हणजे ट्रेलर इथेही हवेवरच! म्हणूनच काही घोड्यांत दांडी आणखी पुढे दाबली की टेस्टची जागा येते. तिथे ट्रेलरचा ब्रेक सुटतो आणि एकटा घोडा सगळा भार धरतो का ते कळते. आर 13 या युरोपीय नियमात एकट्या भरलेल्या गाडीने 18 टक्के चढावर आणि घोड्याच्या ब्रेकवर जोडलेल्या ट्रेलरसह 12 टक्क्यांवर उभे राहायला हवे. यूट्यूबवर दिसणाऱ्या पिवळी-लाल अशा दोन गुंड्या अमेरिकन गाड्यांच्या आहेत. तिथे ट्रेलरची स्प्रिंगही लागते. दोन्हींची गल्लत करू नका.

जोडताना पिवळी आधी, लाल नंतर; सोडताना लाल आधी. आणि लाल होज जोडण्यापूर्वी घोड्याचा हॅन्डब्रेक लागलाय ना, हे हात लावून बघा. लाल होज बसली की ट्रेलरचा इमर्जन्सी ब्रेक सुटतो, आणि मग घोड्यासकट सगळे निघते. माणूस तेव्हा नेमका दोघांच्या मध्ये उभा असतो.

तर घ्यावा कोणता? नरडाण्याला किंवा जळगावच्या एमआयडीसीत ट्रेलर सोडून घोडा दुसरीकडे पळवायचे काम असेल, तर स्प्रिंगशिवाय घेऊ नका, पन्नास हजार कमी सांगितले तरी. साक्रीकडच्या पवनचक्क्यांच्या सामानासारखे काम असेल, घोडा कधी सुटतच नसेल, घोड्याची स्प्रिंग टेस्टमध्ये पास होत असेल आणि स्क्रूची केबल नवी असेल, तर स्क्रूवर भागते. मी असा एक ट्रेलर चार वर्षे चालवला. नंतर स्प्रिंग चेंबर बसवलेच, पण ते घाईने नाही, लायनर बदलताना.

विकणाऱ्यासमोर एकच परीक्षा घ्या. सपाट जागा, गुटके, ट्रेलर जोडलेला. लाल होज काढा, टँकचा कॉक उघडा, सगळी हवा जाऊ द्या. मग गुटके काढून पहिल्या गिअरमध्ये हळूच ओढा आणि एकाने बाहेर उभे राहून चाके बघावीत. मागच्या वर्षी मी हे केले, तेव्हा चार चेंबरांपैकी तीन धरून होते आणि डावीकडचे मागचे चाक आरामात फिरत होते. विकणारा म्हणाला, ‘स्लॅक सैल आहे फक्त.’ खरेच सैल होते. गुटके परत लावून, हवा भरून, दहा मिनिटांत त्याने आवळले आणि आम्ही परत ओढून पाहिले.